स्वतः बांधलेल्या कर्नलवर माउस भरकटतो तेव्हा: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल केला, मशीन बूट झालं, डेस्कटॉपही आला. पण माउस हलवला की कर्सर कोपऱ्यात उडी मारतो, मधेच गोठतो, बोट न लावता क्लिक होतो, नाहीतर दर मिनिटाला गायब होऊन परत येतो. अशा वेळी बहुतेक जण आधी माउस बदलतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवा माउस येतो, तोही तसाच उड्या मारतो, मग मदरबोर्डवर संशय जातो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. कर्नल नवा बांधल्यावरच बिघाड सुरू झाला असेल तर दोष बहुतेक वेळा माउसमध्ये नसतो आणि कर्नलच्या मूळ कोडमध्येही नसतो. कॉन्फिगरेशनमध्ये गळालेला एखादा पर्याय, किंवा मॉड्यूल (वेगळ्या फाइलीत राहणारे, लागतील तसे लोड होणारे ड्रायव्हर) आणि कर्नल यांची फारकत, ही दोन कारणं सगळ्यात जास्त भेटतात.

खानदेशातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये, अडतीच्या आणि जिनिंगच्या ऑफिसांत अजून बरीच जुनी, पुण्या-सुरतेहून सेकंड-हँड आलेली मशीन चालतात. गोल पीएस/२ पोर्ट, एका स्क्रीनवर दोन मशीन चालवणारा केव्हीएम स्विच, इन्व्हर्टरची वीज, असं सगळं तिथे एकत्र असतं. म्हणून नव्या लॅपटॉपइतकीच जागा या लेखात जुन्या मशीनलाही दिली आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. कमांड, फाइली आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे. "कॉन्फिग_"ने सुरू होणारी नावं, तसंच "एलएमसी_कीप" आणि "जीएलएक्सइन्फो" नंतरचं "-बी" मोठ्या अक्षरांत, बाकी सगळं लहान अक्षरांत.

जुना कर्नल हाच साक्षीदार

काहीही बदलण्याआधी ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडायच्या) मेनूत वितरणाचा (डेबियन, उबुंटू वगैरेंचा) मूळ कर्नल शाबूत आहे ना ते बघा. तो काढून टाकला असेल तर आधी पॅकेजमधून परत बसवा. या कामातली खरी मोजपट्टी तीच आहे: तेच मशीन, तोच माउस, तेच पोर्ट, तोच डेस्कटॉप, फक्त कर्नल जुना.

जुन्या कर्नलवर पंधरा मिनिटं नेहमीचं काम करा. माउस तिथेही उड्या मारत असेल तर नव्या कर्नलचा संबंध नाही. वायर, पोर्ट, अर्थिंग किंवा वायरलेसचा अडथळा बघायला घ्या. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. तिथे माउस सरळ चालत असेल तर पुढे वाचा, पण ही चाचणी चुकवू नका. एक पथ्य पाळा: मागे कंपाइल चालू असताना कर्सरची परीक्षा घेऊ नका. सगळे कोर कामात असले की चांगला कर्नलही अडखळतो.

माउसशिवाय काम करायची तयारीही ठेवा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की साधा कन्सोल मिळतो. शेजारच्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरचं लॉगिन) चालू असेल तर आणखी बरं.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे?

माउसची हालचाल स्क्रीनपर्यंत पोचताना बरेच टप्पे ओलांडते. माउसमधला सेन्सर, यूएसबी किंवा पीएस/२ चा कंट्रोलर, त्याचा ड्रायव्हर, कर्नलचा इनपुट थर, मग इव्हडेव्हची फाइल (जिच्यातून प्रोग्राम माउसच्या नोंदी वाचतात). तिथपर्यंत कर्नलची हद्द. पुढे लिबइनपुट (त्या नोंदींचा अर्थ लावणारी लायब्ररी), डेस्कटॉप आणि ग्राफिक्स. हा रस्ता मधोमध तोडून बघायचं साधन म्हणजे "ईव्हीटेस्ट". ते पॅकेज बसवा, कन्सोलवर जा आणि "सुडो ईव्हीटेस्ट" चालवा. यादीतून आपल्या माउसचा क्रमांक निवडा आणि माउस टेबलावर सावकाश, एकाच दिशेने सरकवा.

चांगला माउस असेल तर ओळी अशा येतात: "रेल_एक्स, व्हॅल्यू २", "रेल_एक्स, व्हॅल्यू ३", मधे "सिन_रिपोर्ट", पुन्हा "व्हॅल्यू २". सावकाश हालचालीत आकडे लहान आणि एकाच चिन्हाचे असतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. साध्या यूएसबी माउसला सेकंदाला १२५ नोंदी मिळतात, म्हणजे दोन नोंदींत साधारण ८ मिलिसेकंद. गेमिंग माउस १ मिलिसेकंदावर चालतात.

आता वाचायचं असं. सावकाश हालचालीत एकदम १२७ किंवा उणे १२७ सारखा आकडा आला, किंवा बटणाला हात न लावता "बीटीएन_लेफ्ट" आलं, तर खालच्या थरात माहितीच नासते आहे. आकडे नीट पण वेळेत १०० मिलिसेकंदांच्या फटी दिसत असतील तर इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) किंवा वीजबचतीचा मामला. आकडे नीट, वेळही नीट, आणि तरी डेस्कटॉपवर कर्सर अडखळतो, तर माउसच्या ड्रायव्हरला हात लावू नका; दोष पुढच्या टप्प्यात, बहुतेक वेळा ग्राफिक्समध्ये आहे. या एका चाचणीने अर्धी कारणं बाद होतात, म्हणून ती घाई न करता दोन्ही कर्नलवर करा आणि निकाल कागदावर लिहून ठेवा.

ईव्हीटेस्टच्या यादीत काहीच आलं नाही, "/डेव्ह/इनपुट" मध्ये "इव्हेंट" नावाची एकही फाइल नाही, तर "कॉन्फिग_इनपुट_इव्हडेव्ह" गळालं आहे. लिबइनपुट फक्त याच फाइली वाचतं.

आपण बांधलेलाच कर्नल चालू आहे का?

बाळबोध प्रश्न वाटतो, पण इथेच बरेच तास वाया जातात. "यूनेम -आर" चालवा. मग "/लिब/मॉड्यूल्स" मध्ये अगदी त्याच नावाचं फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर "मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल" राहून गेलं आहे. कर्नल बूट होतो, आत बांधलेले ड्रायव्हर चालतात, आणि मॉड्यूल म्हणून असलेले सगळे बाहेरच राहतात.

उलटा घोटाळा जास्त त्रासदायक. दुसऱ्यांदा कंपाइल करताना नाव तेच ठेवलं तर नवी मॉड्यूल जुन्यांवर पडतात, पण इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या मॉड्यूलच्या गठडीत) जुनी तशीच राहतात. "डीमेसेज" (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये "डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल" किंवा "मॉडप्रोब" च्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या) उत्तरात "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" दिसलं की हेच समजा. उपाय सोपा आहे: प्रत्येक बांधणीला वेगळं शेपूट द्या. "कॉन्फिग_लोकलव्हर्जन" मध्ये "-जळगाव१", पुढच्या वेळी "-जळगाव२". डेबियन-उबुंटूवर "मेक बिनडेब-पीकेजी" वापरलं तर कर्नल आणि हेडर (बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) दोन्हींची पॅकेज तयार होतात. ती बसवताना इनिटरामएफएस आणि ग्रबचा मेनू आपोआप नवा होतो. हाताने बसवण्यापेक्षा हा रस्ता भरवशाचा आहे.

दोन कॉन्फिगरेशन शेजारी-शेजारी ठेवा

चालणाऱ्या कर्नलची कॉन्फिग फाइल "/बूट" मध्ये असते. कर्नलच्या सोर्स फोल्डरमधून "स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग" ला ती जुनी फाइल आणि तुमची नवी "डॉट कॉन्फिग" द्या. फरकाच्या ओळी शेकड्यांनी आल्या तर घाबरायचं नाही. हिड (माउस-कीबोर्डसारखी उपकरणं), यूएसबी, इनपुट, सेरिओ, आय२सी, पिनकंट्रोल, एसीपीआय आणि पीसीआय एवढे शब्द ग्रेपने (शब्द शोधणाऱ्या कमांडने) गाळून घ्या.

कॉन्फिग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण "मेक लोकलमॉडकॉन्फिग". जुन्या मशीनवर कंपाइलचा वेळ वाचावा म्हणून ते चालवतात आणि ते योग्यच आहे. पण ते फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल ठेवतं, बाकी सगळी काढून टाकतं. त्या वेळी यूएसबी माउस काढलेला होता किंवा ब्लूटूथ बंद होतं, तर त्यांचे ड्रायव्हर गेले. म्हणून हा क्रम पाळा: वितरणाच्या कर्नलवर बूट करा. माउस, रिसीव्हर, पेनड्राइव्ह, प्रिंटर, जे जे कधी लागणार ते सगळं जोडा आणि प्रत्येक वस्तू एकदा वापरा. मगच "मेक लोकलमॉडकॉन्फिग" चालवा. थोडी खबरदारी म्हणून "एलएमसी_कीप" मध्ये "ड्रायव्हर्स/हिड:ड्रायव्हर्स/यूएसबी:ड्रायव्हर्स/इनपुट" असे फोल्डर दिले तर त्यांतली मॉड्यूल छाटली जात नाहीत. वेळ थोडा वाढतो, पण नंतरची डोकेदुखी टळते.

आणखी एक सापळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वितरणाच्या कर्नलमध्ये बरेच ड्रायव्हर मॉड्यूल असतात, आणि त्यांचे ऑप्शन "/ईटीसी/मॉडप्रोब.डी" मधल्या फाइलींत लिहिलेले असतात. तुम्ही तोच ड्रायव्हर "वाय" करून कर्नलच्या आत बांधला तर त्या फाइली कोणी वाचतच नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली एखादी दुरुस्ती काही न सांगता बंद पडते. म्हणून त्या फोल्डरमध्ये "पीएसमाउस", "यूएसबीहिड" किंवा "आय८०४२" हे शब्द शोधा. सापडले तर तेच ऑप्शन ग्रबच्या कर्नल ओळीत "पीएसमाउस.प्रोटो=…" अशा रूपात टाका. ही पद्धत आत बांधलेल्या ड्रायव्हरला लागू पडते आणि मॉड्यूललाही.

कॉन्फिग बदलल्यावर "मेक क्लीन" करायची गरज नाही. नुसतं "मेक -जे४" चालवलं की बदललेल्या पर्यायांशी संबंधित तेवढंच पुन्हा बांधलं जातं.

यूएसबी माउस

यूएसबी माउसला तीन पर्याय एकत्र लागतात: कंट्रोलरचा ड्रायव्हर, "कॉन्फिग_यूएसबी_हिड" आणि "कॉन्फिग_हिड_जेनेरिक". तिसरा विसरला तर "एलएसयूएसबी" मध्ये माउस दिसतो, पण कर्सर हलत नाही. "यूएसबी हिड बूट प्रोटोकॉल" नावाच्या मेनूतला "यूएसबीमाउस" मात्र निवडू नका. तो अगदी छोट्या, खास उपकरणांसाठी आहे आणि पूर्ण हिड ड्रायव्हरची जागा घेऊ शकत नाही.

कंट्रोलरच्या बाबतीत जुनी मशीन फसवतात. कोअर टू ड्युओच्या काळातल्या इंटेल बोर्डांवर यूएसबी २.० साठी ईएचसीआय असतो, पण माउससारखं कमी वेगाचं उपकरण थेट पोर्टला लावलं की तो ते शेजारच्या यूएचसीआय कंट्रोलरकडे सोपवतो. इतर काही चिपसेटवर हे काम ओएचसीआय करतो. नवीन कॉन्फिगमध्ये फक्त एक्सएचसीआय (यूएसबी ३ चा) आणि ईएचसीआय ठेवले तर पेनड्राइव्ह झकास चालतो, माउस मात्र मृत. ओळखायची खूण पक्की आहे: तोच माउस यूएसबी २.० हबमधून लावला की चालायला लागतो, कारण वेगाचं भाषांतर हब स्वतः करतो. अशा मशीनवर "कॉन्फिग_यूएसबी_यूएचसीआय_एचसीडी" आणि "कॉन्फिग_यूएसबी_ओएचसीआय_एचसीडी" दोन्ही ठेवा.

माउस दर मिनिटाला तुटून जोडला जात असेल तर "डीमेसेज -डब्ल्यू" उघडून ठेवा. "यूएसबी डिस्कनेक्ट" आणि लगेच "न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस" अशी जोडी ठरावीक अंतराने दिसेल. काही स्वस्त माउस, विशेषतः पिक्सआर्टच्या चिपचे, कोणी वाचत नसेल तर साधारण ६० सेकंदांनी स्वतःला रीसेट करतात. डेस्कटॉप चालू असताना हे दिसत नाही. कन्सोलवर किंवा लॉगिनच्या आधी दिसतं. उपाय म्हणजे कर्नलला तो माउस कायम वाचत राहायला सांगणं. "एलएसयूएसबी" मधून उत्पादक आणि वस्तू असे दोन क्रमांक घ्या आणि कर्नल ओळीत "यूएसबीहिड.क्वर्क्स=०एक्स उत्पादक:०एक्स वस्तू:०एक्स०४००" अशी नोंद करा, मधे मोकळी जागा न सोडता.

काही क्षण माउस न हलवता ठेवला की पहिली हालचाल गिळली जाते, क्लिक केल्यावरच जाग येते, ही ऑटोसस्पेंडची (वापरात नसलेल्या उपकरणाला झोपवण्याची) खूण. कर्नल स्वतःहून माउसला झोपवत नाही. टीएलपी, पॉवरटॉपसारखं वीजबचतीचं साधन किंवा एखादा यूडेव्हचा (उपकरण जोडल्यावर लागू होणारा) नियम "ऑटो" लिहून ठेवतो. जुन्या कर्नलवर हे दिसलं नसेल तर कदाचित तिथे त्या माउससाठी वेगळा नियम किंवा ऑप्शन होता. खात्रीसाठी "यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१" घालून एकदा बूट करा. त्रास गेला तर ते कायम ठेवू नका, लॅपटॉपची बॅटरी खाईल. फक्त त्या माउसच्या "पॉवर/कंट्रोल" फाइलमध्ये "ऑन" लिहिणारा यूडेव्हचा नियम करा.

पीएस/२ आणि केव्हीएम

कर्सर कोपऱ्यात उडणं, आपोआप राइट-क्लिकचे मेनू उघडणं, पान स्वतःच वर-खाली जाणं, हे सगळं एकत्र दिसलं आणि माउस गोल पोर्टचा असेल तर निदान जवळपास झालंच. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

साधा पीएस/२ माउस प्रत्येक हालचालीला तीन बाइट पाठवतो: पहिला बटणं आणि चिन्हांचा, दुसरा आडव्या हालचालीचा, तिसरा उभ्या. चाकाचा माउस चौथा बाइट जोडतो. सुरुवातीला कर्नल माउसशी बोलून ठरवतो की आता चार बाइटचं बोलणं. मधे केव्हीएम स्विच असेल आणि तुम्ही दुसऱ्या मशीनवर जाऊन परत आलात, तर काही स्विच माउसला परत तीन बाइटवर आणतात. कर्नलला ते कळत नाही. समजा माउस "०८ ०५ ०२", "०८ ०४ ०१" असं पाठवतो आहे. चाराचा हिशोब धरून बसलेला कर्नल पहिल्या पुडक्यात पुढचा "०८" ही ओढून घेतो आणि त्याला चाकाची हालचाल समजतो. पुढच्या पुडक्याची सुरुवात "०४" पासून होते, म्हणजे आडव्या हालचालीचा आकडा बटणांच्या जागी जाऊन बसतो. "०४" म्हणजे मधलं बटण. कोणीही दाबलेलं नसताना मधलं बटण दाबलं गेलं, आणि टर्मिनलमध्ये नको तो मजकूर चिकटला.

हात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त थांबवला की कर्नल अर्धवट पुडकं फेकून देतो आणि "डीमेसेज" मध्ये "लॉस्ट सिंक्रोनायझेशन, थ्रोइंग १ बाइट्स अवे" अशी ओळ टाकतो. म्हणून थांबून हलवलं की क्षणभर ठीक वाटतं आणि पुन्हा बिघडतं. ही वागणूक दिसली की माउस बदलू नका.

आधी "मॉडप्रोब -आर पीएसमाउस" आणि लगेच "मॉडप्रोब पीएसमाउस" करून बघा. बोलणं पुन्हा ठरतं आणि माउस सुधारला तर निदान पक्कं. ड्रायव्हर आत बांधलेला असेल तर हे करता येणार नाही, रीबूट लागेल. कायमच्या उपायासाठी "पीएसमाउस.प्रोटो=बेअर" देऊन फक्त तीन बाइटचं बोलणं ठरवता येतं. चाक जातं, पण माउस कधीच भरकटत नाही. चाक हवं असेल तर "पीएसमाउस.प्रोटो=इम्प्स" करून बघा; बऱ्याच केव्हीएमना तो साधा चार बाइटचा प्रकार पचतो, त्यापुढचे प्रकार पचत नाहीत.

माउस मुळीच सापडत नसेल तर "डीमेसेज" मध्ये "आय८०४२" शोधा. "पीएनपी: पीएस/२ कंट्रोलर … आयआरक्यू १, १२" अशी ओळ यायला हवी. ओळ नसेल तर "कॉन्फिग_सेरिओ_आय८०४२", "कॉन्फिग_माउस_पीएस२", "कॉन्फिग_पीएनपी" आणि एसीपीआय तपासा. ओळ असून गडबड असेल तर "आय८०४२.नोमक्स" आणि "आय८०४२.रीसेट" हे दोन ऑप्शन एकेक करून आजमावा, दोन्ही एकदम नको. पीएस/२ ची पिन चालू मशीनमधून काढू-घालू नका. तशी सोय त्या पोर्टमध्ये नाही, कंट्रोलर जळण्याचा धोका असतो.

लॅपटॉपचा टचपॅड

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपचा टचपॅड आय२सी (मशीनच्या आतली एक बस) वर बसलेला असतो आणि त्याला पर्यायांची लांब साखळी लागते: "कॉन्फिग_आय२सी_हिड_एसीपीआय", "कॉन्फिग_आय२सी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म", "कॉन्फिग_हिड_मल्टीटच", इंटेलवर एलपीएसएस आणि त्या पिढीचा पिनकंट्रोल, एएमडीवर "कॉन्फिग_पिनकंट्रोल_एएमडी". पिनकंट्रोल गळाला तर टचपॅडचा इंटरप्ट पोचत नाही आणि टचपॅड मुका राहतो. मल्टीटच गळाला तर टचपॅड साध्या माउससारखा वागतो, दोन बोटांनी स्क्रोल होत नाही.

थोड्या जुन्या लॅपटॉपांत सिनॅप्टिक्सचा टचपॅड पीएस/२ आणि एसएमबस अशा दोन्ही वाटांनी बोलतो. कर्नल त्याला एसएमबसकडे न्यायला जातो, पण "आरएमआय४" किंवा "आय२सी_आय८०१" बांधलेलं नसतं. अशा वेळी "पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=०" देऊन जुन्या वाटेवर ठेवा, किंवा ते पर्याय घालून पुन्हा बांधा. दुसरं जास्त चांगलं.

इंटरप्ट, घड्याळ आणि प्रोसेसरचा वेग

"वॉच -एन१ कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स" चालवून माउस हलवा. पीएस/२ असेल तर १२ नंबरच्या ओळीतला आकडा पळायला हवा. प्रत्येक बाइटला एक इंटरप्ट म्हणजे सतत हालचालीत सेकंदाला तीन-चारशे. यूएसबी असेल तर "एक्सएचसीआय_एचसीडी" किंवा जुन्या कंट्रोलरच्या ओळीत वाढ दिसेल.

कर्सर सेकंदाला दहाएकदा सरकतो, मधे थबकतो, असं दिसलं तर "डीमेसेज" मध्ये "नोबडी केअर्ड" शोधा. खाली "डिसेबलिंग आयआरक्यू #१६" सारखी ओळ असेल. कोणीच जबाबदारी न घेतलेला इंटरप्ट वारंवार आल्यामुळे कर्नलने ती लाइनच बंद केली आणि आता तो दर दहाव्या हिश्शाच्या सेकंदाला जाऊन डोकावतो. ईव्हीटेस्टमध्ये १०० मिलिसेकंदांच्या फटी दिसतात त्या याच. बारीक केलेल्या कॉन्फिगमध्ये "कॉन्फिग_पीसीआय_एमएसआय" (उपकरणांना स्वतंत्र इंटरप्ट देणारा पर्याय) बंद झालं की अनेक उपकरणं एकाच जुन्या लाइनवर येतात आणि हा प्रकार घडतो. ग्रबच्या ओळीत कधीकाळी टाकलेलं "पीसीआय=नोएमएसआय" राहून गेलं असेल तर तेही काढा. "आयआरक्यूपोल" हे निदानापुरतं ठीक. त्यावर मशीन कायम चालवू नका.

सगळंच जड वाटत असेल तर "स्केलिंग_गव्हर्नर" (प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण) बघा. जुन्या प्रोसेसरवर "एसीपीआय-सीपीयूफ्रेक" सोबत "पॉवरसेव्ह" हा डीफॉल्ट झाला असेल तर प्रोसेसर सगळ्यात कमी वेगावर खिळून बसतो. "इंटेल_पीस्टेट" मधला "पॉवरसेव्ह" वेगळा, तो गरजेप्रमाणे वेग वाढवतो. नाव एकच असल्याने गल्लत होते. केसॅन, "प्रूव्ह_लॉकिंग" असे तपासणीचे पर्याय शिकताना चालू केले जातात आणि विसरले जातात. तेही कर्सर जड करतात. "कॉन्फिग_एचझेड" २५० वरून १००० केल्याने माउस सुधारेल ही समजूत मात्र सोडा. माउसची नोंद इंटरप्टने येते, एचझेडने नाही.

ईव्हीटेस्ट चोख, कर्सर तरी अडखळतो

"एलएसपीसीआय -के" मध्ये ग्राफिक्स कार्डाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" बघा, आणि "जीएलएक्सइन्फो -बी" मध्ये "एलएलव्हीएमपाइप" असं आलं का ते बघा. आलं तर सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो आहे, कर्सरसुद्धा. एनव्हिडियाचा मालकी ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलच्या हेडरशिवाय डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी असे ड्रायव्हर आपोआप बांधणारं साधन) तो बांधू शकत नाही. हेडरचं पॅकेज बसवा आणि "डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल" चालवा. "एएमडीजीपीयू" आत बांधला आणि त्याचं फर्मवेअर इनिटरामएफएसमध्ये नसेल तर तो बूटच्या वेळी हात टेकतो. त्याला मॉड्यूल करा, प्रश्न मिटतो.

जुन्या मशीनवर "झॉर्ग.कॉन्फ" हाताने लिहिलेली असेल तर तीही उघडा. "/डेव्ह/इनपुट/माइस" ची नोंद आणि आपोआप जोडलेला माउस दोन्ही वाचले गेले की कर्सर दुप्पट धावतो आणि एका क्लिकचे दोन होतात. ती नोंद काढा.

जुन्या कर्नलवरही तोच त्रास असेल तर

वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात, शेजारी हार्डडिस्क लावलेली, असं असेल तर माउस अडखळतो. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिलं आहे. रिसीव्हर काळ्या पोर्टात हलवा किंवा हातभर एक्स्टेंशनने दूर न्या.

टचपॅड फक्त चार्जर लावल्यावर उड्या मारतो का ते चार्जर काढून बघा. तसं असेल तर अर्थिंगचा दोष. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत हा उन्हाळ्यात हटकून डोकं वर काढतो: माती सुकते, तडे जातात, अर्थिंगच्या पाइपाचा मातीशी संपर्क सुटतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर खड्ड्यात पाणी सोडायला सांगा आणि पुन्हा मोजा. इन्व्हर्टरवर असतानाच त्रास होत असेल तर तो साइन वेव्ह देतो की नाही ते विचारा.

आणि मे महिना. पारा ४४-४५ वर असताना बंद खोलीत "मेक -जे८" लावलं की प्रोसेसर तापून वेग कमी करतो. "डीमेसेज" मध्ये "थ्रॉटल्ड" हा शब्द दिसेल. कंपाइल दर वेळी वेगळ्याच फाइलवर "सेगमेंटेशन फॉल्ट" ने थांबत असेल तर रॅम किंवा तापमान तपासा. अशा मशीनवर तयार झालेल्या कर्नलवर विश्वास ठेवता येत नाही. हीटसिंकमधली धूळ काढा, रात्री, कमी जॉब लावून बांधा.

कॉन्फिग तीच, तरी नवी आवृत्ती बिघडते

आता कर्नलच्या कोडवर संशय घ्यायला हरकत नाही. वितरणाचीच कॉन्फिग घेऊन "मेक ओल्डडेफकॉन्फिग" केलं, आणि जुनी आवृत्ती नीट, नवी बिघडलेली, असं असेल तर "गिट बायसेक्ट" (दोन आवृत्त्यांमधला दोषी बदल निम्मे-निम्मे करत शोधणारी कमांड) चालवा. "गिट बायसेक्ट स्टार्ट", मग "बॅड" नवी आवृत्ती, "गुड" जुनी. एका आवृत्तीत हजारो कमिट (कोडमधले एकेक बदल) असले तरी दर फेरीत निम्मे बाद होतात. १४,००० कमिटना साधारण १४ फेऱ्या पुरतात. दर फेरीला तीच कॉन्फिग, तोच माउस, तेच पोर्ट, तीच ईव्हीटेस्टची चाचणी. बांधणी फसली तर "गिट बायसेक्ट स्किप". अंदाजाने "गुड" म्हणू नका. एक चुकीचं उत्तर पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया घालवतं. माउस कधीकधीच बिघडत असेल तर दर फेरीला किमान अर्धा तास द्या.

लोडशेडिंगने मधेच मशीन गेलं तरी केलेलं काम टिकावं म्हणून दर फेरीनंतर "गिट बायसेक्ट लॉग" फाइलमध्ये साठवून पेनड्राइव्हवर घ्या. नंतर "गिट बायसेक्ट रीप्ले" ने तिथूनच पुढे जाता येतं.

दोषी कमिट सापडला की ताज्या आवृत्तीवर फक्त तेवढा "गिट रिव्हर्ट" करून पुन्हा बांधा. माउस सुधारला तर "स्क्रिप्ट्स/गेट_मेंटेनर.पीएल" ला त्या कमिटने बदललेली फाइल द्या, कोणाला कळवायचं ते कळेल. पत्रासोबत दोन्ही कर्नलचे पूर्ण "डीमेसेज", "एलएसयूएसबी -व्ही" चं माउसबद्दलचं पान, कॉन्फिग फाइल आणि ईव्हीटेस्टच्या चुकीच्या वीस-पंचवीस ओळी जोडा. "आय८०४२.डीबग=१" चा लॉग जोडायचा असेल तर "आय८०४२.अनमास्क_केबीडी_डेटा" चालू करू नका, नाहीतर त्या वेळी टाइप केलेला पासवर्डही लॉगमध्ये जाईल.